उंदरापुढची चरबी आणि आपल्या ताटातला भात

अधिक चरबीचा आहार दिलेल्या उंदरांना मधुमेह जडला, त्यांचे यकृत चरबीने भरले, अशा आशयाच्या बातम्या वर्षातून दोन-चार वेळा तरी आपल्या वाचनात येतात. बातमी प्रयोगशाळेतली असते. परिणाम मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटावर दिसू लागतो. वरणावरची तुपाची धार बंद होते. भाजीला फोडणी नावापुरती उरते. तशी भाजी घशाखाली उतरत नाही, मग तिची जागा आणखी एक वाढी भात घेतो, आणि दुपारी चहाबरोबर दोन टोस्ट. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात दोन्ही वेळच्या जेवणाचा कणाच भात असल्यामुळे ही अदलाबदल कोणाच्या ध्यानातही येत नाही. सहा महिन्यांनी तपासणी करावी, तर साखर वाढलेली आणि दंड-मांड्या मात्र वाळलेल्या. तेल सोडले, तरी असे का झाले, हा प्रश्न घरच्यांना पडतो.

याच्या उलट बोलणारेही असतात. ‘उंदरांचे नियम माणसांना कशाला लावता?’ असे म्हणून ते तर्रीची वाटी पुढे ओढतात. त्यांच्या आक्षेपात तथ्यांश आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. या प्रयोगांत नेमके काय करतात, त्यांतून काय कळले आणि सत्तरीच्या माणसाने त्यातले किती घ्यावे, हे एकदा शांतपणे समजून घेतले, तर भीती आणि बेफिकिरी या दोहोंपासून सुटका होईल.

प्रयोगशाळेतले ताट

प्रयोगासाठी वापरले जाणारे उंदीर मुख्यतः दोन जातींचे असतात. एक लहान चणीचा, ‘माऊस’. दुसरा त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठा, ‘रॅट’. दोघांनाही एरवी धान्यापासून केलेल्या गोळ्या दिल्या जातात. त्यांत चरबी थोडी असते. चयापचयाचा अभ्यास करताना मात्र प्राण्यांचे दोन गट करतात. एका गटाच्या खाण्यात एकूण उष्मांकांपैकी साधारण १० टक्के उष्मांक चरबीतून येतात. दुसऱ्या गटात हेच प्रमाण ४५ किंवा ६० टक्क्यांपर्यंत नेले जाते. ही चरबी बहुधा डुकराची असते. खाणे सोडून बाकी सारे, म्हणजे वय, पिंजरा, उजेड-अंधाराचे तास, खोलीचे तापमान, दोन्ही गटांना सारखेच ठेवतात. त्यामुळे पुढे जो फरक पडेल, तो आहारामुळे पडला असे म्हणता येते. माणसांवर असा काटेकोर अभ्यास करणे जवळजवळ अशक्य आहे. कोणाला तीन महिने खोलीत बंद करून मोजून चरबी खाऊ घालता येत नाही, आणि शेवटी त्याचे यकृत काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही.

या मुक्या जिवांच्या बाबतीतही सारे काही मोकाट चालत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० साली झाला. त्या कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती अशा प्रयोगांवर देखरेख ठेवते आणि प्रत्येक संस्थेला आपली नीती समिती नेमावी लागते. प्रयोग खरोखरच आवश्यक आहे का, कमी प्राण्यांत भागेल का, वेदना कमी करता येतील का, हे प्रश्न आधी विचारले जातात. इतकी किंमत देऊन मिळालेले ज्ञान अर्धवट वाचून वापरणे, हा त्या प्राण्यांवरही अन्यायच ठरेल.

बिघाडाचा क्रम

आता निष्कर्षांकडे वळू. जेवणानंतर रक्तात साखर चढते, तेव्हा स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. इन्शुलिन यकृताला सांगते, ‘आता तू साखर तयार करू नकोस’. स्नायूंना सांगते, ‘रक्तातली साखर आत घ्या’. आणि चरबीच्या पेशींना सांगते, ‘साठा राखून ठेवा’. हा निरोप ऐकू येईनासा होणे, याला इन्शुलिनरोध म्हणतात. प्रौढ वयातला मधुमेह बहुधा इथूनच सुरू होतो.

हा बहिरेपणा शरीरात सगळीकडे एकदम येतो, की कुठून तरी सुरुवात होते? या प्रश्नाचे उत्तर उंदरांनी दिले. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे क्रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या उंदरांना अधिक चरबीचा आहार देऊन इन्शुलिनचा प्रभाव मोजला. हे संशोधन १९९१ साली प्रसिद्ध झाले. अवघ्या तीन दिवसांत यकृत इन्शुलिनला दाद देईनासे झाले होते. स्नायूंमध्ये तो बिघाड मागाहून, तीन आठवड्यांच्या सुमारास स्पष्ट झाला. म्हणजे आधी यकृत, मग स्नायू, असा तो क्रम होता. चरबीला साठण्याची हक्काची जागा त्वचेखाली आहे. ती जागा अपुरी पडली किंवा येणारा लोंढा फार मोठा असला, की चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरते आणि तिथे इन्शुलिनचा निरोप अडवते.

पुढचा टप्पा स्वादुपिंडाचा. निरोप ऐकू येत नाही म्हणून ते अधिक जोराने हाका मारते, म्हणजे अधिक इन्शुलिन सोडते. काही काळ त्यावर निभावते आणि रक्तातली साखर बरोबर दिसते. पुढे स्वादुपिंड थकले, की साखर चढते. वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने यातला बोध मोठा आहे. रक्तातली साखर वाढणे हा या गोष्टीचा पहिला अध्याय नव्हे, तो बराच पुढचा आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृतात चरबी’ असे लिहून आले आणि साखर अजून ठीक असली, तर तो कागद कपाटात टाकून देऊ नये. आवर घालायला सर्वांत सोपा काळ तोच असतो.

तो आवर घालता येतो, हेही उंदरांनीच दाखवले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सर्विट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एका विशिष्ट वंशाच्या लहान उंदरांना चरबीयुक्त खाणे देऊन त्यांच्यात स्थूलता आणि मधुमेह निर्माण केला होता. त्याच मंडळींच्या १९९८ सालच्या संशोधनात अशा उंदरांना पुन्हा कमी चरबीच्या आहारावर आणले, तेव्हा वजन आणि साखर दोन्ही उतरली. माणसांतही लवकर लक्ष दिले, वजन बेताने उतरवले आणि हालचाल वाढवली, तर यकृतातली चरबी कमी होते, असा अनुभव आहे.

चरबी कोणती, प्राणी कोणता

‘चरबी’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो, पण तेल-तेलात फरक असतो. सिडनीच्याच स्टॉर्लियन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले, की करडईच्या तेलाने भरलेला आहार दिलेल्या उंदरांत इन्शुलिनरोध येतो. मात्र त्या तेलातला थोडासा भाग काढून तिथे माशाचे तेल घातले, तर तो टळतो. माशाच्या तेलात ओमेगा-३ या गटातली मेदाम्ले असतात. पुढे १९९१ साली याच गटाने ओमेगा-३ चा वनस्पतिज प्रकारही तपासला. जवसाच्या तेलात मुख्यतः हाच प्रकार असतो. संपृक्त, म्हणजे तुपा-लोण्यासारख्या घट्ट चरबीच्या आहारात तो मिसळला, तेव्हा इन्शुलिनरोध टळला. करडईसारख्या तेलांनी भरलेल्या आहारात मिसळला, तेव्हा उपयोग झाला नाही.

हे वाचून कोणी करडईचे तेल फेकून देऊ नये. त्या उंदरांच्या पोटात गेलेले तेलाचे प्रमाण आपल्या जेवणाच्या कितीतरी पट होते. घ्यायचे ते इतकेच, की सगळा भार एकाच तेलावर टाकू नये. विदर्भाच्या जुन्या जेवणात जवसाला मानाचे स्थान होते. तेल जवसाचे आणि तोंडी लावायला चटणीही जवसाचीच. रिफाईन तेलाच्या पिशव्या आल्या आणि जवस मागे पडले. ते थोड्या प्रमाणात ताटात परत यायला हरकत नाही.

प्राण्याचा वंश हा दुसरा मुद्दा. सर्विट यांच्या १९८८ च्या प्रयोगात उंदरांचे दोन वंश होते. खाणे तेच, एक वंश मधुमेही झाला, दुसरा बराचसा सुरक्षित राहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत तर असा एक वंश सांभाळला आहे, की ज्यातले उंदीर साध्या गोळ्या खाऊनही जन्मजात दोषामुळे लठ्ठ होतात. एकाच पंगतीत जेवलेल्या दोन भावांपैकी एकाला मधुमेह का व्हावा आणि दुसऱ्याला का होऊ नये, याचे कोडे यातून थोडे उलगडते. ‘शेजारचे काका रोज तळलेले खातात, त्यांना काही होत नाही’ हा युक्तिवाद म्हणून फार टिकत नाही. आपण शेजारच्या काकांच्या वंशाचे नसतो.

उंदराचे सांगणे कुठे थांबते

आता आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचे जे खरे आहे, तेही सांगायला हवे.

पहिली गोष्ट प्रमाणाची. दिवसाला २००० उष्मांक लागणाऱ्या माणसाने ६० टक्के उष्मांक चरबीतून घ्यायचे ठरवले, तर त्याला रोज सुमारे १३३ ग्रॅम चरबी खावी लागेल. महिन्याला चार किलो. चौघांच्या घरात महिन्याकाठी १६ किलो, म्हणजे तेलाचा १५ किलोचा आख्खा डबा आणि वर आणखी थोडे. इतके कोणी खात नाही. त्यामुळे उंदराला जे बारा आठवड्यांत झाले, ते वरणावरच्या एका चमचा तुपाने होईल, असे या प्रयोगांतून मुळीच सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. प्रयोगातला उंदीर साधारण दोन वर्षे जगतो. त्याचे बारा आठवडे म्हणजे माणसाच्या आयुष्यातली सात-आठ वर्षे समजा. तिसरी गोष्ट उबेची. लहान उंदराला ३० अंशांच्या आसपासचे तापमान सुखाचे वाटते. प्रयोगशाळेची खोली त्याहून बरीच थंड असते, त्यामुळे त्याचे बरेचसे अन्न अंग ऊबदार ठेवण्यातच खर्च होते. आणि चौथी गोष्ट जातीची. १९१३ साली रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर दाखवले. तोच प्रकार उंदरांत सहजासहजी घडत नाही. ससा शाकाहारी, त्याचे शरीर वेगळे, उंदराचे वेगळे, आपले आणखी वेगळे.

येथे वृद्धांना विशेष सावध करावेसे वाटते. ‘मधुमेही उंदरांत गुणकारी ठरलेले’ चूर्ण किंवा काढा म्हणून जाहिराती येतात. असा मधुमेही उंदीर तयार कसा करतात? मोहालीच्या राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी २००५ साली एक पद्धत मांडली, ती पुढे पुष्कळ वापरली गेली. मोठ्या उंदराला दोन आठवडे चरबीयुक्त खाणे द्यायचे आणि मग स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना इजा करणारे एक रसायन अगदी कमी मात्रेत टोचायचे. नव्या औषधांची पहिली चाळणी म्हणून ही पद्धत उत्तम आहे. परंतु तीस वर्षे मधुमेह सोसलेल्या, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणाऱ्या, मूत्रपिंड थोडे थकलेल्या आजोबांची बरोबरी तो उंदीर करू शकत नाही. चाळणीतून पुढे गेलेल्या पदार्थांपैकी थोडेच माणसांवरच्या चाचण्यांत टिकतात. जाहिरातीतल्या उंदराच्या भरवशावर चालू गोळी बंद करणे म्हणजे प्रयोग स्वतःवर करून घेणे होय.

पुण्यातील उपाशी उंदीर

आता आपल्या मातीशी अधिक जवळचा प्रयोग पाहू. त्यात चरबीचा भरणा नव्हता. होती ती उपासमार, आणि तरीही शेवट जवळपास तोच झाला.

पुण्यात मोठ्या उंदरांचा एक कळप पिढ्यान्‌पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवला गेला. एक-दोन नव्हे, तब्बल ५० पिढ्या. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उंदरांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. ही पिल्ले जन्मतः कमी वजनाची होती. पण त्यांच्या पोटातल्या इंद्रियांभोवती चरबी अधिक होती, इन्शुलिनरोध होता, ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होते. मधुमेह घडवणाऱ्या रसायनाला ते साध्या उंदरांच्या आठपट बळी पडत. सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. या उंदरांना दोन पिढ्या पोटभर खायला दिले, तरी हे दोष गेले नाहीत. उपासमारीची आठवण शरीराने जपून ठेवली होती, आणि भरल्या ताटासमोर तीच आठवण अंगावर उलटली.

माणसांतही याच्याशी जुळणारे चित्र दिसते. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ साली सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात आढळले, की आपली नवजात बालके इंग्लंडमधल्या बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी, स्नायूंनी बारीक, पण चरबीने फारशी कमी नसतात. डॉ. याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वरून सारखे दिसणारे दोन देह आतून इतके निराळे होते.

आज सत्तरी-पंच्याहत्तरीत असलेल्या आपल्या जिल्ह्यातील कितीतरी माणसांचे बालपण टंचाईत गेले. अर्धपोटी आईच्या उदरी जन्म, मग रोवणीपासून मळणीपर्यंत चिखलात आणि उन्हात काबाडकष्ट. तो भात तेव्हा बांधीतच जिरत होता. आता रोवणीला जाणे थांबले, गुडघे धरले, दुपार खाटेवर जाऊ लागली, आणि ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. आला तर त्यात साखरेचा चहा आणि बिस्किटे यांचीच भर. गरजेपेक्षा जास्त आलेल्या पिष्टाची यकृत चरबीच बनवते. त्यामुळे तेलाचा थेंबही न खाता यकृत चरबीने भरू शकते. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, अशी अंगकाठी दिसली की ‘अंगावर मांसच नाही, यांना कुठला मधुमेह’ असे म्हणू नये. मापाची फीत घेऊन कंबर मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलेला घेर हा आपल्या लोकांसाठी धोक्याचा इशारा मानतात.

अधिक चरबी खाऊ घातलेला उंदीर आणि ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेला उंदीर, या दोघांची साक्ष एकत्र वाचली की मुद्दा स्पष्ट होतो. शरीराला पेलवेल त्याहून अधिक येणारे अन्न, मग ते तेलाचे असो की भाताचे, यकृताच्या दारी चरबी होऊन उभे राहते. एकट्या तुपाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून भागणार नाही.

स्वयंपाकघरात काय करावे

तेल मोजावे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात २००० उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे, म्हणजे महिन्याला माणशी सुमारे ८०० ग्रॅम. चौघांच्या घरात सव्वातीन किलो. पिशवी फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवा. महिनाअखेर हिशेब आपोआप कळेल. वृद्धांची भूक आणि हालचाल कमी असते. त्यांना दिवसाला चार-पाच चहाचे चमचे सहसा पुरतात. तूप घ्यायचे असेल, तर ते याच हिशेबातून घ्यावे.

तेल पूर्ण बंद मात्र करू नये. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीच्याच आधाराने शोषली जातात. शिवाय दात पडलेल्या, चव मंदावलेल्या माणसाला अन्न खावेसे वाटणे, हेही औषधच आहे. तेच ते तेल वारंवार तापवून वापरणे मात्र टाळावे. बाजारातला आलुबोंडा अधूनमधून ठीक. रोजची सवय नको.

भाताला बंदी नको, पण त्याची जागा बदलावी. आधी भाजी आणि घट्ट वरण वाढा, भात मागाहून आणि एक मूद कमी. धुऱ्यावरच्या तुरीचे वरण, मूग, हरभरा, दही, अंडे किंवा मासा यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा ताटात असावे. उतारवयात स्नायू टिकवायला दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, असे तज्ज्ञ सुचवतात. पन्नास किलोच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. स्नायू म्हणजे साखर साठवायचे सर्वांत मोठे कोठार. कोठारच आक्रसले, तर साखर जाणार कुठे?

मामा तलावातले मासे प्रथिनांसाठी उत्तम आहेत. गोड्या पाण्यातल्या माशांत ओमेगा-३ समुद्रातल्या तेलकट माशांच्या मानाने साधारणपणे कमी असते, पण तेवढ्यासाठी त्यांना नाकारू नये. ते तळण्यापेक्षा रश्श्यात शिजवावेत. जवस भाजून कुटावे. आख्खे दाणे न चावता गिळले, तर ते बरेचसे तसेच बाहेर पडतात. चमचाभर चटणी पुरे, आणि तिच्यात मीठ हात राखून.

जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये. अंगणात दहा-पंधरा मिनिटे सावकाश फेऱ्या माराव्यात. चालणे जमत नसेल, तर खुर्चीवरून आधाराने उठणे-बसणे सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा करावे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनच्या हाकेची वाट न पाहताही आत घेतो. प्राण्यांत आणि माणसांत सारखेच खरे ठरलेले हे एक मोलाचे सत्य आहे.

उपवासाबद्दलही एक शब्द. अमेरिकेत सच्चिदानंद पंडा यांच्या प्रयोगशाळेत २०१२ साली दिसले, की चरबीयुक्त खाणे फक्त आठ तासांच्या अवधीत खाणारे उंदीर दिवसरात्र तेच खाणाऱ्यांपेक्षा बारीक आणि निरोगी राहिले. यावरून आठ तासांत जेवण उरकण्याची टूम निघाली. रात्री उशिरा खाऊ नये, इतका बोध सर्वांनी घ्यावा. पण इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी लांबलेले उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. घाम सुटणे, थरथर होणे, बोलण्यात असंबद्धता येणे ही साखर फार उतरल्याची लक्षणे असू शकतात. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. नसेल, तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.

सांभाळ करणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. महिन्यातून एकदा वजन आणि कंबर, दोन्ही वहीत लिहा. कंबर वाढली, तर भात, साखर आणि तेल यांचा एकत्र हिशेब पाहा. उलट, प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलोंनी उतरले, तर त्याला पथ्याचे यश समजू नका, डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी थोड्या जादा चरबीपेक्षा झपाट्याने झडणारे शरीर अनेकदा अधिक धोक्याचे असते.

आज संध्याकाळच्या जेवणात वरणावर अर्धा चमचा तूप पडू द्या, भाताची एक मूद कमी करा आणि जेवण झाल्यावर आजोबांचा हात धरून अंगणात दोन फेऱ्या मारा. एवढे जमले, तरी या सगळ्या प्रयोगांचे सार घरात आले, असे समजावे.